बॅटरीचा खटला

—हसू नका जज्जबाई, मला खरंच गाडीची बॅटरी वाटली! हा कान अधू, त्यात तुमचा कारकून तोंडातल्या तोंडात बोलतो. लैंगिक-बिंगिक काय ते त्यानं गिळलं, ‘बॅटरी’ तेवढं ऐकू आलं. म्हटलं, या हॉइट प्रिचेटनं चाळीस वर्षं गॅरेज चालवलंय, बॅटरीचोराला शिक्षा द्यायला माझ्याइतका लायक माणूस अख्ख्या डाल्टनात मिळायचा नाही! आता म्हणता, ही बॅटरी वेगळी—कायद्याच्या इंग्रजीत अंगाला नकोसा हात लावणं म्हणजे ‘बॅटरी’. मग ज्यूरीवर सहाच जण घ्यायचेत ना? घ्या ज्यूरीसाठी बोलावलेल्या त्या बाकीच्यांतून. घरी माझे टोमॅटो सुकतायत, मला सोडा.

काय? माझं मत? स्पष्टच सांगतो—आमच्या वेळी याला चेष्टा म्हणत. हॉटेलातली पोरगी कॉफी ओतून वळली की मागून एक चापट—कोण जात होतं कोर्टात? आणि या सरकारी वकीलबाई आत्ता काय वाचतात—मर्जीशिवाय मुद्दाम छातीला, ढुंगणाला, मांडीला आतून हात लावला की झाला गुन्हा. कपड्यावरून? हो, कपड्यावरूनही! जखम नको, काही नको. आमच्या जॉर्जियात वर्षभरापर्यंत तुरुंग, आणि पुन्हा शिक्षा झाली तर पाच वर्षांपर्यंत! बसल्या बसल्या मोजलं, तर आमच्या चर्चच्या मासे-पार्टीला येणारे निम्मे म्हातारे आत! मी? मी नाही धरलं स्वतःला त्यांत. दोनदाच—तीनदा मारली असेल चापट. ती पोरगी हसायची हो! हसायचीच की—नोकरी होती तिची, हसेल नाही तर काय करेल—

असो. पुढचं विचारा. घरात कुणाला असा अनुभव? छे, आमच्या घरात कुणाला नाही. म्हणजे—इमोजीनला, माझ्या बायकोला, एकदा गालिच्याच्या गिरणीत मुकादमानं—घरी येऊन स्वयंपाकघरात उभ्या उभ्या सांगितलं तिनं. मी म्हटलं, “अगं, चेष्टा केली असेल, मनावर काय घेतेस! तो मक्याचा पाव करपतोय बघ.” तिनं ओव्हन बंद केला. दुसऱ्या दिवसापासून दोन एप्रन बांधून जायला लागली—एक पुढून, एक मागून. जाड कापडाचे! जुलैत! गिरणीत जीव उकडून निघायचा. आणि मी? मी गॅरेजात सगळ्यांना हसून सांगायचो, आमची ही भारी टापटिपीची, कपड्याला डाग म्हणून लागू देत नाही. अकरा वर्षं सांगितलं. तिला जाऊनही आता सहा वर्षं झाली, आणि ते एप्रन कशासाठी, हे मला आत्ता—इथं, तुमच्यापुढं उभं राहून—

नको, पाणी नको. बाईसाहेब, मला त्या सहांत बसवा. मरू देत टोमॅटो. त्या फिर्यादी बाईचं मी नीट ऐकेन, चांगला कान पुढं करून ऐकेन, आणि त्या आरोपीचंही—ही दोघं, सरकारी वकीलबाई आणि आरोपीचा वकील, एकदम उभी का राहिली? दोघांनाही मी नको? सकाळपासून यांचं एका गोष्टीवर जमलं नाही, आणि आता बरं जमलं! अहो, पण—बरं. जातो. दार कुठलं, हे ना? आभार कसले मानता, जज्जबाई? मी काही केलंच नाही.