शेंदूर चाळणारी पोट्टी

मी पांढुर्ण्याची, आता सौंसरची. आमचं सोताचं घर नव्हतं, मोठबाबाच्या शेडाले लागून एक खोली होती, तिथं माय, बाप आन मी. मोठबाबा म्हणजे माह्या बापाचा मोठा भाऊ, त्याची शेंदराची भट्टी होती. शेंदूर कशाचा होते माहीत आहे का तुमाले? शिशाचा. शिसं कढईत वितळवाचं, सळईनं ढवळत राहाचं, त्याची पिवळी भुकटी होते, ते पुन्हा तापवली का लाल होते. बाप कढईवर राहे आन माय खोलीत बसून फडक्यातून शेंदूर चाळे, मी तिच्या बाजूले. भाकर लाल, पांघरूण लाल, केस लाल. देवाले लावाची वस्तू, तिले वाईट कोण म्हणन?

काय सांगू तुमाले, मी ढ नव्हती. शाळेत जायच्या आधीच बापानं पाढे शिकवले होते, रस्त्यानं जाणारे लोक थांबून ऐकत. मंग मी चाळाले बसाले लागली आन हळूहळू सगळं जाऊ लागलं. पोट दुखे, भूक मेली, अक्षर पाहिलं का ओळखीचं वाटे पण त्याचं नाव नाही सापडे. मोठबाबाचा वसंता माह्याच वर्गात, त्याले सगळं येई.

तवाच राज्याची मोडतोड झाली, नागपूर मुंबई राज्यात गेलं आन आमी मराठी बोलणारे इकडंच मध्यप्रदेशात राहिलो, शाळेत हिंदी आली. गुरुजी बापाले म्हणे, भाषा बदलली म्हणून पोरगी मागं पडून राहिली. अन् बाकीच्या पोराइची भाषा नाही बदलली का? ते पुढं गेले, मी तिथंच. मंग त्याच गुरुजीनं माह्या कपाळावर बोट ठेवलं आन वर्गाले म्हणे, इथं भुसा आहे. त्या माणसाचं तोंड आठवलं का अजून आंग जळते.

मंग बापाचं मनगट लोंबकळू लागलं, सळई धरवे ना. माय आमाले दोघाइले रेल्वेनं नागपूरले घेऊन गेली. डॉक्टरनं बापाच्या हिरड्या पाहिल्या, निळी रेघ होती. काम कोणतं ते विचारलं, मंग माह्या हिरड्या पाहिल्या. मलेही तेच. म्हणे, हे शिसं आहे बाई, मोठ्याच्या हातापायात उतरते, लहानाच्या डोक्यात. मायनं विचारलं, गेलं ते परत येईन का? तो म्हणे, उरलं ते वाचवा.

माय गावात उतरली ते सरळ मोठबाबाच्या घरी. त्याचं घर भट्टीपासून दूर, बाजाराच्या पलीकडं. मोठबाबा म्हणे, डॉक्टरले काय समजते, पोट्टी जन्माचीच मंद, तुह्या माहेरचं रक्त. माय कधी त्याच्यासमोर तोंड वर करून बोलली नव्हती. त्या दिवशी म्हणे, भाऊजी, मंग वसंताले आजवर शेडात पाय काऊन ठेवू नाही देल्ला?

मोठमाय आतून बोलली, नवऱ्याची बाजू घ्याले गेली बिचारी. म्हणे, अवं, तो धूर लेकराइच्या डोक्यात जाते, हे त्याइनं मले वसंता झाला तवाच सांगतलं होतं.

म्हणजे माहीत होतं त्याले. सख्ख्या भावाची पोरगी तिथं निजत होती आन माहीत होतं.

आमी खोली सोडली, सौंसरले मामाकडं आलो. बाप लवकर गेला. मी बगीच्यात संत्री तोडली, टोपल्या भरल्या, जन्म त्यातच गेला. नवरा चांगला भेटला, वाचाचं काम तोच करे. आता तो नाही, तं बस छिंदवाड्याची का नागपूरची, विचारून चढते. लोक म्हणते म्हातारी अडाणी. अडाणी शाळेत न गेलेल्याले म्हणते, मी तं गेली होती.

वसंता मोठा साहेब झाला. यंदा दिवाळीनंतर मोटारीतून आला, मिठाई घेऊन, नातीच्या लग्नाचं सांगाले. म्हणे, बाई, जुनं सोडून दे, पोरीले तुहा आशीर्वाद पाहिजे. मी डबा त्याच्या हातात वापस देल्ला. म्हटलं, वसंता, तू लेकरू होता, तुह्यावर राग नाही. पोरीचं भलं हो, अक्षता मी इथूनच टाकते. पण तुह्या बापाले मी माफ केलं नाही आन करतही नाही.

तो गेला. मी बगीच्यात गेली, तोडणी चालू होती.