दादा, कुठे चाललास?

आधीच कबूल करते, मी जळत होते. जर्मनीला शिकायला जायचा अर्ज दादाने आणि मी एकदमच केला होता. व्हिसा आला तो एकट्या दादाचा. मग काय, जयपूरच्या आमच्या घरी आठवडाभर फक्त त्याचेच लाड.

निघताना आईने त्याच्या हातावर दही-साखर घातली. त्याने उंबरा ओलांडला आणि मी मुद्दाम ओरडले, "दादा, कुठे रे चाललास?"

आई किंचाळली, "कार्टे! निघालेल्या माणसाला 'कुठे' विचारतात का?"

टॅक्सी विमानतळाच्या वाटेवर, जगतपुऱ्यात बंद पडली आणि विमान चुकलं. दोन तासांनी दादा बॅगांसकट दारात! बाबा म्हणाले, "मतलब, हिचीच दृष्ट लागली." नवं तिकीट चार दिवसांनंतरचं मिळालं. म्हणजे त्याला आणखी चार दिवस पुरणपोळी.

दुसऱ्यांदा तो निघाला, तेव्हा आई दह्याची वाटी घेऊन आधी माझ्याकडे आली. "आ कर." एकामागून एक चमचे तोंडात कोंबले. "तो लिफ्टमध्ये शिरेपर्यंत गिळायचं नाही."

दादाला जेमतेम चमचाभर उरलं. त्याच्या वाट्याचं काही मला मिळालं ते आयुष्यात एवढंच, आणि तेही मी गप्प बसावं म्हणून.