खंडेनवमीचा मीटर

चिडू नको तर काय करू? आमच्या अंबडच्या कारखान्यात फ्यूजनच्या प्रयोगासाठी निर्वात टाकी बनते. चाचणीनंतर तिच्यात नायट्रोजन भरतात, श्वास घेतला की माणूस आडवा. म्हणून मीटरने ऑक्सिजन मोजल्याशिवाय आत जायचं नाही, हे मी रोज घसा फोडून सांगतो.

खंडेनवमीला बघतो, तर फिटर रामनाथ टाकीत शिरायच्या बेतात!

"साहेब, काडी आत नेली का विझते. दुसरी काडेपेटी द्या, आत उदबत्ती लावायची हाय."

मी कॉलर धरून त्याला मागे ओढला. "मीटर कुठंय?"

त्यानं पाटाकडे बोट दाखवलं. मीटर हळदकुंकू लावून, झेंडूची माळ घालून बसलेला.

"पूजा झाल्यावर अवजाराला हात लावत नाय, साहेब."

"आणि टाकीचं झाकण पान्यानं उघडलंस ते?"

"ते पूजेच्या आधी. नियम म्हंजे नियम!"