सोमेश्वराचा नारळ

वसईतल्या डोळ्यांच्या दवाखान्यात औषध घालून आम्हाला डोळे मिटून बसवलं होतं. माझ्या शेजारी पाचूबंदरच्या एक कोळीणबाई होत्या, त्यांच्या पलीकडे आचोळ्याचे एक निवृत्त इतिहासशिक्षक.

"गुरुजी, अर्धा तास बसायचाय. सांगा कायतरी."

"शिलाहारांचं सांगतो. हजार वर्षांपूर्वी हा किनारा त्यांचा होता. आपला मूळपुरुष जीमूतवाहन, असं ते मानायचे."

"तो कोन?"

"विद्याधरांचा राजपुत्र. गरुडाला रोज एक नाग खायला द्यावा लागे. एका नागाची आई रडताना यानं पाहिली आणि तिच्या मुलाच्या जागी हाच गरुडाच्या शिळेवर जाऊन बसला."

"दुसऱ्याच्या पोरासाठी?"

"हो. शेवटी गरुडच खजील झाला. त्यानं नाग खाणं सोडलं."

"मोठ्या काळजाचा. मंग त्यांचा राज गेला कसा?"

"शेवटचा राजा सोमेश्वर. देवगिरीच्या यादवांनी जमिनीवर हरवलं, तेव्हा गलबतं घेऊन दर्यात गेला. तिथंही लढला. शरण नाही गेला, बुडाला."

"पान्यातच?"

"पाण्यातच."

"त्याचा नारळ कोन सोडतो?"

"कसला नारळ?"

"आमच्या घरी, दर्यानं नेलेल्या मानसाच्या नावाचा नारळ नारळी पुनवेला वेगळा सोडतात. मी सासऱ्याचा सोडते, धाकट्या दिराचा सोडते."

"अहो, साडेसातशे वर्षं झाली त्याला."

"मंग किती पुनवा तशाच गेल्या त्याच्या. नाव परत सांगा, गुरुजी."