सील न फोडलेली इंग्रजीची पेटी

आणि शेवटी घड्याळच आणलं ना? मी फोनवर सांगून सांगून थकलो की सरांना घड्याळ देऊ नका. रिटायर झालेल्या माणसाला टिकटिक ऐकवून काय मिळवायचंय? पण न्हाई. ग्रुपवर अंगठ्यावर अंगठे आले आणि घड्याळ पास झालं. शाल, श्रीफळ, घड्याळ. मागच्या निरोपाला हेच, त्याच्या मागच्याला हेच.

अमरेश, हे सगळं वाच, गाळू नको. मंडप तुझा, माईक तुझा. कोणी बंद करायला आलं तर भाडं दुप्पट होईल म्हण.

तर रीतीप्रमाणे सुरुवात करतो. आजच्या कार्यक्रमाचे सन्माननीय अध्यक्ष, आपल्या संस्थेचे वीरण्णा अप्पा. व्यासपीठावर विराजमान मुख्याध्यापक आदिनाथ सर. आजचे सत्कारमूर्ती, एवढी वर्षं या शाळेला इंग्रजी शिकवणारे नरसिंग सर. त्यांच्या जागी आलेल्या शिवांगी मॅडम. सतरंजीवर बसलेले विद्यार्थी, आणि मागं उभं राहून बुंदीचा वास घेणारे माझे गाववाले. सगळ्यांना नमस्कार.

मी हरिओम. याच शाळेत दहावीपर्यंत बसलो आणि इंग्रजीत गेलो. गेलो म्हणजे नापास झालो. मग उदगीरच्या मोंढ्यात पोती उचलली, हैदराबादला फरशा बसवल्या, कुठंच मन लागलं न्हाई. आता चेन्नईकडं कंटेनरच्या यार्डात काम करून राहिलो. माजी विद्यार्थी म्हणून मी बोलावं असा निरोप आला, पण रजा मिळाली न्हाई. म्हणून लिहून पाठवलं आणि आमचा अमरेश वाचून राहिला. आवाज त्याचा, शब्द माझे. कोणाला राग आला तर मला फोन करा, अमरेशला धरू नका.

निरोपाच्या भाषणात गोड बोलायचं असतं हे मला ठाऊक हाय. मी गोडच लिहायला बसलो होतो. पण आठ दिवसांपूर्वी ग्रुपवर हेडसरांचा मेसेज आला आणि माझा घास तोंडातच राहिला. त्यात लिहिलं होतं की नरसिंग सरांनी निष्कलंक सेवा केली, आणि त्याचा पुरावा काय? तर शासनाकडून आलेली इंग्रजी साहित्याची पेटी त्यांनी सीलसुद्धा न फोडता, आली तशी जपून ठेवली. खाली सगळ्यांचे हात जोडलेले. अभिनंदन सर, अभिनंदन सर.

मला विचाराल तर मला शिसारी आली.

ती पेटी मला चांगली माहीत हाय. मी आठवीत असताना ती उदगीरहून जीपमध्ये आली. मी आणि अमरेशनंच ती उतरवली. जड होती. झाकणावर कागद चिकटवलेला, आत काय काय हाय त्याचा. गोष्टींची छोटी पुस्तकं, चित्रांचे तक्ते, शब्दांची कार्डं, इंग्रजी बोलणं ऐकवणारा एक स्पीकर, आणि सगळ्यात खाली लिहिलेलं, शिक्षकांसाठी मार्गदर्शिका. म्हणजे तास कसा घ्यावा, पोरांना बोलतं कसं करावं, हे मास्तरांना सांगणारं पुस्तक. आम्हाला वाटलं सोमवारी उघडतील. सोमवारी ती हेडसरांच्या कपाटात गेली आणि कपाटाला कुलूप लागलं.

मग ती बाहेर कवा निघायची? सांगतो. खंडेनवमीला. प्रयोगशाळेचा तराजू, कॉम्प्युटर, शिपायाची घंटा आणि त्या रांगेत इंग्रजीची पेटी. पेटीला हळद, पेटीला कुंकू, झेंडूचा हार, समोर उदबत्ती. आम्ही पोरं रांगेनं पाया पडायचो. आरती झाली की पेटी पुन्हा आत. दरवर्षी. जगात असं कुठं होत असंल का हो, की पुस्तकाच्या पाया पडायचं पण पुस्तक वाचायचं न्हाई?

आणि एकदा तपासणीचे साहेब आले तेव्हा. पेटी टेबलावर ठेवली. फोटोसाठी वरच्या प्लास्टिकमधून आतलं पुस्तक दिसंल अशी तिरपी धरली, सरांना म्हणाले, हसा. सर हसले. फोटो वर गेला. वर कोणीतरी बघून खूश झालं असंल की मराठवाड्यात इंग्रजी जोरात चालू हाय.

नववीत असताना मी सरांना विचारलं होतं, "सर, पेटी कवा उघडायची?"

सर खडू झटकत म्हणाले, "बाळा, ती डेडस्टॉकला चढलीय."

"म्हंजी?"

"म्हंजी माझ्या नावावर हाय. एक कार्ड हरवलं तरी माझ्या पगारातून कापणार. पोरीचं लग्न व्हायचंय रे माझ्या."

सर, मला त्या वयात कळलं न्हाई, आता कळतं. पण कळलं म्हणून राग जात न्हाई. खरं सांगू का, तुमचा पण राग येतो. कारण तुम्हाला शिकवता येत होतं. येत नसतं तर मी आज शालीचं कौतुक करून खाली बसलो असतो.

समोरच्या मंडळींना सांगतो. सर एकदा लातूरला ट्रेनिंगला गेले होते. परत आल्यावर आम्ही विचारलं, काय शिकवलं सर? सर म्हणाले, "मठ्ठा चांगला होता." सह्या केल्या, लिंक भरली, पडद्यावरचं एकानं वाचून दाखवलं, यांनी ऐकलं. पण तिथं म्हणे एक म्हातारी बाई आली होती, तिनं या सगळ्या मास्तरांना उठवून खेळ खेळायला लावला होता. ते सरांच्या डोक्यात बसलं.

दुसऱ्या दिवशी सर पिशवी घेऊन वर्गात आले. पिशवीत काय? कांदे, वांगी, तेलाची रिकामी बाटली, एस्टीची तिकिटं. बाकं मागं सरकवली आणि म्हणाले, आज बाजार. मला वांग्यावर बसवलं. अमरेश किराण्यावर, त्याचं घरचंच काम. आणि सर गिऱ्हाईक. इंग्रजीत भाव विचारून राहिले, आणि मी, या हरिओमनं, इंग्रजीत उत्तर दिलं. चुकत चुकत, पण दिलं. सर म्हणाले लई महाग हाय, मी म्हणालो मग नका घेऊ, सगळं इंग्रजीत! पोरं बाकावर उभी राहून हसायला लागली. जी उज्वला वर्षभर तोंड उघडत नव्हती, तिनं कांद्याचा भाव पाडला.

तेवढ्यात हेडसर दारात. "नरसिंगराव, हा काय बाजार भरवलाय?"

सर म्हणाले, "सर, लातूरला सांगितलं तसं..."

"लातूरवाले सांगून गेले. पोर्शन ते येऊन पुरा करणार हायत का? आणि वांगी उचला, शाळा हाय ही."

सरांनी वांगी उचलली. एकेक करून पिशवीत टाकली. कोणाकडं बघितलं न्हाई. दुसऱ्या दिवसापासून परत गाईड. सर फळ्यावर उत्तर लिहिणार, आम्ही उतरवून घेणार, आणि परीक्षेत जसंच्या तसं ओकणार. निबंध पाठ, अर्ज पाठ, गोष्ट पाठ.

त्या पाठांतराचं काय झालं ते पण ऐका. यार्डात क्रेनचा सिग्नल देणाऱ्यांची निवड होती. पगार वाढतो, उन्हातलं काम सुटतं. साहेबानं मला समोर बसवून इंग्रजीत विचारलं की स्वतःबद्दल सांग. प्रश्न मला समजला. खोटं बोलत न्हाई, समजला. पण तोंडातून काय निघावं? जे पाठ होतं ते निघालं. आजारपणाच्या रजेचा अर्ज. आय बेग टू स्टेट दॅट आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर. थांबता येईना, खाली युवर ओबिडियंट प्युपिलपर्यंत गेलो. साहेब भला माणूस. त्यानं घाबरून मला दवाखान्याच्या खोलीत पाठवलं. तिथल्या नर्सनं थर्मामीटर लावला. ताप नव्हता.

हसा, हसून घ्या. इथले लोक अजून मला 'फीवर' म्हणून हाक मारतात. सिग्नलचं काम बिहारच्या एका पोराला मिळालं. तो माझ्यापेक्षा हुशार न्हाई. त्याच्या शाळेत बाजार भरत असंल, एवढंच.

मंडळी, मी नापास झालो ते झालो, त्याचं रडगाणं गायला मी कागद काळे केले न्हाईत. आज जेवणाआधी सरांनी मॅडमला चार्ज द्यायचा हाय. पेटी आत्ता टेबलावर असंल, हार घातलेली, मला फोटो आलाय. शिवांगी मॅडम सही करणार, 'सील शाबूत' असं लिहून. मॅडम, तुम्ही नव्या हाय, डी.एड. की बी.एड. करून, वशिला न लावता आल्या असं ऐकलं. तुमच्याबद्दल आदर ठेवून सांगतो. ती सही झाली की तुम्ही इंग्रजीच्या बाई राहणार न्हाई. तुम्ही त्या पेटीच्या वॉचमन होणार. नरसिंग सर झाले तशा. मग तुम्हीपण भिणार, तुमच्या पण घरी कोणाचं तरी लग्न असंल, कोणाचं तरी दवाखान्याचं असंल, आणि दर खंडेनवमीला पोरं पाया पडत राहतील. त्या पोरांत माझी बहीण ऋतुजा हाय. नववीत हाय. तिला मी पेटीच्या पाया पडू देणार न्हाई.

हे मी हेडसरांना आठ दिवसांपूर्वी फोनवर बोललो होतो. म्हणालो, "सर, घड्याळ-बिड्याळ राहू द्या, निरोपाच्या दिवशी पेटी उघडू. सरांच्या हातानं."

हेडसर म्हणाले, "हरिओम, तिकडं जाऊन तू लई शहाणा झालास."

मी म्हणालो, "हाव सर, थोडा झालो."

"सात हजार आठशे साठ रुपयांचा माल हाय तो. रजिस्टरला चढलेला. पोरांच्या हातात दिला आणि फाटला, फुटला, तर भरणार कोण? तू?"

माझ्या शिफ्टचा भोंगा झाला आणि फोन ठेवावा लागला. त्यांना वाटलं असंल, पोरगा गप्प बसला.

आता नरसिंग सरांना दोन शब्द. सर, मुदखेडला घरी जाल, घड्याळ भिंतीवर लावाल. लावा. पण जाण्याआधी आमचं एक काम करा. ऋतुजा पहिल्या रांगेत कात्री घेऊन बसलीय, सत्काराच्या फिती कापायला म्हणून तिला दिलीय. ऋतुजा, ऊठ. कात्री सरांना दे. सर, सील तुम्हीच फोडा. आत स्पीकरची बॅटरी न वापरताच मेली असंल, पुस्तकांना वास लागला असंल, असू द्या. ती मार्गदर्शिका बाहेर काढा, पहिलं पान उघडा आणि मॅडमच्या हातात द्या. आणि त्यांना वांग्याचा बाजार सांगा, तो त्या पुस्तकात असंल का न्हाई मला माहीत न्हाई. तुमची सगळी सेवा एका बाजूला आणि तो एक तास एका बाजूला ठेवला, तर मला तो तास आठवतो. त्या तासासाठी मी तुमच्या पाया पडतो. पेटीच्या न्हाई, तुमच्या.

मॅडम, तुम्ही सही करा, पण 'पेटी उघडली' असं लिहून करा.

अध्यक्ष महोदयांनी एवढा वेळ ऐकून घेतलं, त्यांचे आभार. अमरेशनं न घाबरता वाचलं असंल तर त्याचे पण. भाषेत माझ्या खूप उणं असंल, शिक्षण अर्धं हाय, लहान तोंडानं मोठ्यांना बोललो, ते पोटात घाला. पण जे बोललो ते मागं घेत न्हाई.

आणि हेडसर, फोन अर्धा राहिला होता. तुम्ही विचारलं होतं भरणार कोण. पुस्तकं फाटू द्या, कार्डं हरवू द्या, स्पीकर पोरांच्या हातातून पडू द्या. घड्याळाच्या वर्गणीत मी एक रुपया दिला न्हाई, तो यासाठीच. पैसे सकाळीच अमरेशच्या खात्यावर टाकलेत, तो आत्ता माईकसमोर तुमच्या हातात देईल, मोजून घ्या. सात हजार आठशे साठ.