मोकळ्या कापसाचं बारदान

आज दहा नोव्हेंबर. सकाळी काटा सुरू झाला, दुपारी थोडा वेळ बंद ठेवावा लागला, आणि आता आपण जयमाला मॅडमना निरोप द्यायला जमलो आहोत.

आपल्या सोसायटीचे अध्यक्ष माननीय मोतीरामजी, आज निवृत्त होणाऱ्या आपल्या व्यवस्थापक, सत्कारमूर्ती जयमाला मॅडम, व्यासपीठावरील पाहुणे आणि चिखलीच्या आसपासच्या गावांतून आलेल्या शेतकरी बंधू-भगिनींनो,

मला बोलायची सवय नाही. बोलायचे ते माझे पती, धम्मदीप. काट्यावरचा वजनाचा प्रोग्राम त्यांचा. मे महिन्यात ते गेले, आणि मॅडमनी मला त्यांच्या खुर्चीवर बसवलं.

त्या प्रोग्राममध्ये 'माल' हा मूळ क्लास, म्हणजे सगळ्यांचा साचा, आहे. सोयाबीन, तूर, कापूस हे त्याचे चाइल्ड क्लास. वजन कसं काढायचं, हे त्यांना मूळ क्लासकडूनच मिळतं: गाडी वजा, बारदान म्हणजे पोत्याचं वजन वजा. कापूस मोकळा येतो, म्हणून त्याच्या क्लासमध्ये धम्मदीपनी बारदान शून्य असं वेगळं लिहिलं होतं.

यंदा सोयाबीनची पोती प्लास्टिकची आली. त्यांचं वजन वेगळं, म्हणून मी मूळ क्लासमधला बारदानाचा भाग नव्या नावाने लिहिला. कापसाचं शून्य मात्र जुन्याच नावाखाली राहिलं. प्रोग्रामने चूक दाखवली नाही. कापूस गुपचूप मूळ क्लासचं ऐकू लागला, आणि त्याच्यातूनही बारदान वजा होऊ लागलं.

आज कापसाची पहिलीच गाडी झुंबरबाईंची.

"काऊन वो ताई, माह्या कापसाले बारदान? मोकळा आणला न मी! का आता बोंडालेही पोतं नेसवता?"

लोक हसले. मी काटा बंद केला. त्यांनी पावती वाचलीच नसती तर?

मॅडम आल्या, शेजारी बसल्या. "भेव वाटते? वाटू दे. पण मुळाले हात लावला का एकेक लेकरू उघडून पाह्यत जाय, बाई."

दुरुस्ती झाली. झुंबरबाईंची पावती नव्याने निघाली.

पण उद्या शेजारी कोण बसेल? मॅडम तर शेगावला मुलीकडे चालल्या. बदल केला की धम्मदीपची एक ओळ पुसली जाते, याची मला भीती वाटते. आणि नाही केला, तर कुणाचा तरी माल कमी भरेल, याची त्याहून जास्त. म्हणून बदल करणार आहे. भीत भीतच करीन.

मॅडम, तुमचे उपकार बोलून फिटणारे नाहीत. आपण सर्वांनी ऐकून घेतलं, आभारी आहे. मान्यवरांपैकी कुणाचं नाव राहिलं असेल, शब्द चुकला असेल, तर पदरात घ्यावं.

मॅडमनी मघाशी काट्याच्या खोलीची किल्ली माझ्या हातात दिली. उद्या सकाळी कुलूप मीच उघडीन. आधी केर काढीन, मग कॉम्प्युटर सुरू करीन.