आडवं पडल्याशिवाय कळत नाही

नाही नाही, चपला काढा आणि सरळ आडव्या व्हा, ताई — बसून गादी कळत नसते. लाजताय काय, तुमचे मिस्टर फोन घेऊन बाहेर गेलेत, येईपर्यंत पडा निवांत. मी इथे इतकी जोडपी आडवी पाडलीत — हसा, हसा, सगळेच हसतात — पण माझी एक पद्धत आहे. दोघांना निजवायचं, आपण पाठ करून उशांना अभ्रे चढवत बसायचं आणि कान तेवढे मागे ठेवायचे. गादी त्यांना नंतर कळते, जोडपं मला आधी कळतं. "सरक की रे आडदांडा, मी काय जमिनीवर झोपू?" — हे ऐकलं की समजायचं, यांची डबल पक्की. आणि "तुला आवडेल ती घे", "माझं काय, मला कुठलीही चालेल" सुरू झालं, की मी हळूच सिंगलच्या रांगेकडे बघते. गोड बोलतात हो, इतकं गोड की अंगावर काटा येतो. तुमची मला काळजी नाही — तुम्ही तर दारातच त्यांना म्हणालात, तुला गादी नको, गोठा हवा.

आमचं? आमचं काय, उत्तम. गादीला मधोमध खड्डा पडलाय, एवढंच. रविवारी हे आले होते बघायला. आणि मी काय करावं — तोंडाची सवय हो — ते आडवे झाले तसं विचारलं, "कशी वाटते, सर?" स्वतःच्या नवऱ्याला. सर. हसायला नको होतं त्यांनी? तर छताकडे बघत म्हणाले, "दोन सिंगल टाकल्या तरी चालतील. तुझी झोप तरी नीट होईल." गंमत केली असेल. गंमतच. पण तेव्हापासून घरात नुसतं "चालेल" आणि "तुझी सोय बघ" — काल चहा दिला तर थँक्यू म्हणाले, ताई. थँक्यू. लोकांची जोडपी ओळखता ओळखता माझंच शहाणपण माझ्या उरावर बसलंय. संध्याकाळी टेम्पो आमच्याच बाजूला जायचाय, एक डबल की दोन सिंगल ते फोन करून सांगणार आहेत, म्हणून हा फोन असा हातात — तुम्ही पडा हो — आला. त्यांचाच.

हं, बोला... कोण घोरतं? मी?... बरं. बरं म्हटलं ना.

काय म्हणणार? म्हणाले, दोन सिंगल आणल्यास तर याद राख, मधल्या फटीत मी पडेन आणि तू वर खुशाल घोरत राहशील.

याद राख म्हणाले, ताई.

उठा आता. ती पलीकडची बघा, तीही छान आहे — ही गेली.